बाबांनी मला शिक्षा दिली

दाना ओली, लश्कर, ग्वाल्हेर
९ जानेवारी २०२५

चि. अभिराम,
अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. आईच्या तेराव्याला तू जेवणाची पानं उठायच्या आत स्टेशनवर गेलास, त्याचा राग आला म्हणून मी गप्प राहिले असं मी स्वतःला सांगत होते. ते पूर्ण खरं नाही. लिहायला बसले की तुला काय विचारायचं तेच सुचत नसे. फोन तू उचलत नाहीस, आणि मला तुझ्याकडून एक वस्तू हवी आहे जी फोनवरून येत नाही.

एप्रिलमध्ये बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. एक्याऐंशी वर्षं. मंडळाच्या हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर टांगायला मी एक गोधडी शिवतेय. पांघरायची नाही, बघायची. मागचा सगळा भाग आईच्या साड्यांचा. कात्री लावायला जीव होईना, म्हणून एक निरी दातांनी धरून फाडली. पुढच्या चार सरळ फाटल्या, इतक्या सहज की मला माझीच भीती वाटली. घरातल्या प्रत्येकाने एक जुनं कापड आणि एक ओळ द्यायची आहे. ओळ ‘बाबांनी मला’ अशी सुरू होणारी. ती मी लाल दोऱ्याने साखळी टाक्यात भरीन. लीलाआत्याने पहिल्यांदा पाठवलं: ‘दादाने मला सासरहून माघारी आणलं.’ माझी ओळ अजून नाही. वहीत चार लिहिल्या, चारही खोट्या वाटल्या.

बाबांची तब्येत उत्तम. राग थोडा वाढलाय. दाल बाजारात एका हमालाचा धक्का लागला तर त्याच्या पाठीत छत्री मोडली. मागच्या आठवड्यात दूधवाल्याच्या अंगावर भांडं फेकलं, दूधवाल्याच्या भुवईला दोन टाके. तू असतास तर आपण दोघं हसलो असतो. मी एकटीच हसले.

मधू आठ वर्षांची झाली. साडेबाराला शाळेतून येते, मी कॉलेजातून चारला. तोवर ती बाबांजवळ, म्हणजे तिच्या आबांजवळ. ते तिला मराठीतून पाढे शिकवतात, नाहीतर आमची मधुवंती पार हिंदी होईल. “आई, मला भूख लगी आहे,” म्हणते. पाढे चौदापर्यंत आलेत. गोधडीला ती मदत करते. हल्ली सुई डाव्या हाताने ओवते, जेवतेसुद्धा डाव्याने. बाबा म्हणाले, मामावर गेली. घरात पुन्हा एक डावखुरं झालं, बरं वाटलं.

कापड आणि ओळ पाठव. रुचिकाला आशीर्वाद.

तुझी ताई
अंतरा

•

कोल्हापूर
२४ जानेवारी २०२५

प्रिय ताई,
सा. न.

कापड सोबत आहे. माझ्या शाळेच्या शर्टाचा खिशाकडचा भाग. शर्ट आईने ठेवला होता. शेवटच्या भेटीत पिशवीत घालून दिला आणि एवढंच म्हणाली, “हा मी धुतला नाही.”

ओळ: बाबांनी मला शिक्षा दिली.

यात काही वाढवू नकोस.

रुचिका म्हणते मी पत्र लिहीत नाही, पावती फाडतो. वीस वर्षं कोल्हापुरात राहूनही मी कधीकधी “मी येऊन राहिलो” म्हणतो, त्यावर ती अजून हसते. मी मात्र इथे येऊन शब्द नीट शिकलो.

दोन गोष्टी विचारतो. मधू डाव्या हाताने नक्की कधीपासून जेवते? आणि सतराचा पाढा सुरू झाला का?

अभिराम

•

ग्वाल्हेर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. अभिराम,
अनेक आशीर्वाद.

तुझी ओळ वाचली आणि कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझे डोळे भरून आले. लोक बाबांनी घर दिलं, आडनाव दिलं लिहितात. तू नेमकं लिहिलंस. आपल्याकडे काय होतं, एका मास्तरचा पगार आणि बाबांची शिक्षा. तिच्या जोरावर तू इंजिनिअर झालास, आज कारखाना सांभाळतोस. ती ओळ मी मधोमध घेतली आहे. आईच्या चंदेरीच्या मोतिया पदरावर लाल अक्षरं. ‘शिक्षा’मधल्या ‘क्ष’ला एक पूर्ण दुपार लागली, तीनदा सुई बोटात घुसली आणि एक थेंब पदरावर पडला. तो अक्षराखाली झाकला.

शर्टाच्या तुकड्यावर मोठा तपकिरी डाग होता. गंज असावा, आईची पत्र्याची ट्रंक होती ना. लिंबू, मीठ आणि ऊन, असे चार दिवस घासला. आता ओळखूसुद्धा येत नाही. खिसा इतका पांढरा झाला की शेजारचे तुकडे मळके दिसतात.

बाबांनी भिंग घेऊन सगळी गोधडी वाचली. तुझ्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. मग म्हणाले, “खरं लिहिलं त्यानं. फार थोडी मुलं कबूल करतात.” त्यांना स्वतःची स्तुती सहन होत नाही, तरी हे बोलले. तुला कळवावंसं वाटलं.

मधूचं विचारलंस. डावा हात दिवाळीनंतर सुरू झाला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, अक्षर बिघडलंय, पण सवयीने येईल. उजवीकडची बोटं थोडी सुजल्यासारखी वाटली म्हणून विचारलं तर म्हणाली, “ठंड से.” यंदा थंडी फार होती. आणि हो, सतरा याच आठवड्यात सुरू झाला. तुला कसं कळलं?

ताई

•

कोल्हापूर
१ मार्च २०२५

ताई,

हे पत्र तू घरी वाचू नकोस. फोनवरचा मजकूर तू बाबांना मोठ्याने वाचून दाखवतेस, म्हणून तिथे लिहिलं नाही. काल दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा मागून त्यांचा आवाज आला आणि मी ठेवला. बेचाळीस वर्षांचा माणूस आहे, आणि मी ठेवला.

शिक्षा हा शब्द मी मराठीत लिहिला होता. तू तो हिंदीत वाचलास, शिक्षण म्हणून. इथे कोल्हापुरात रस्त्यावरचं कुठलंही पोर सांगेल शिक्षा म्हणजे काय. बाबांनाही कळलं, त्यांचं मराठी चोख आहे. कबूल करतात असं ते म्हणाले ते त्यासाठी.

तुला आठवत नाही की आठवायचं नाही, हे मला माहीत नाही, म्हणून सगळं लिहितो. मी नऊ वर्षांचा. सतराचा पाढा. त्यांच्या हातात रजिस्टरच्या रेघा आखायचा तो शिसवी रूळ. माझा उजवा हात मेजावर पालथा. सतरा चोक, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “अड़सठ.” उत्तर बरोबर होतं, ताई. फक्त हिंदीत होतं. त्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू स्वयंपाकघराच्या दारात वेणी घालत उभी होतीस. तू म्हणालीस, “अडुसष्ट.” स्वच्छ, मोठ्याने. “शाबास,” ते म्हणाले आणि रूळ माझ्या बोटांवर आला. मग पुन्हा विचारलं. भीतीने मला मराठी आकडा येईना. पुन्हा तू, पुन्हा शाबास, पुन्हा रूळ. तू बरोबर म्हणालीस की मला बसायचा. असा क्रम होता. चौथ्या वेळी हाडाचा आवाज झाला, तो मी हातातून नाही, कानाने ऐकला. मी किंचाळलो तेव्हा रूळ तोंडावर आला. नाक फुटलं. खिशावर पडलं ते रक्त. तू ज्याला लिंबू चोळलंस ते.

आई आतल्या खोलीत मशीन चालवत होती. सुईखाली कापड नव्हतं. शेजाऱ्यांना मशीनचा आवाज जावा म्हणून चालवायची.

माझी मधली दोन बोटं आजही मिटत नाहीत. मी डावखुरा जन्मलो नाही.

आम्हाला मूल का नाही, याचं कारण रुचिकालाही मी कालपर्यंत सांगितलं नव्हतं. तपासण्यांची निमित्तं काढत वर्षं घालवली. एकदा शेजारच्या मुलीला भागाकार शिकवत होतो. तिने तीच चूक पुन्हा केली. माझा हात मेजावर पट्टी शोधायला लागला. डावा हात, कारण तोच चालतो. त्या दिवशी ठरवलं.

मधूची बोटं थंडीने सुजलेली नाहीत. दिवाळीनंतर म्हणजे चार महिने. एक दिवस न सांगता दुपारी घरी जा.

अभिराम

•

ग्वाल्हेर
८ मार्च २०२५

अभिराम,

तुझं पत्र गुरुवारी स्टाफरूममध्ये वाचलं. पहिल्यांदा मला तुझा राग आला. तू जुनं उकरतोस, आईला ओढतोस, असं वाटलं. मी तास घ्यायला वर्गात गेले, फळ्यावर तारीख लिहिली आणि तिथूनच निघाले.

जिन्यातच ऐकू आलं. टीव्ही मोठ्याने लावलेला, त्याच्या वर मधूचा आवाज. “सतरा चौके अड़सठ.” मग रूळ. मला तो आवाज ओळखता आला, म्हणजे मला सगळं आठवत होतं. हे मी आधी लिहून टाकते, नाहीतर पुढे लिहिता येणार नाही.

तिचा हात मेजावर पालथा होता. बाबांनी तिचं मनगट डाव्या हाताने दाबून धरलं होतं. ती रडत नव्हती. मला बघून बाबा म्हणाले, “बरं झालं आलीस. सांग तिला, सतरा चोक?”

आणि माझ्या तोंडातून आलं, “अडुसष्ट.” मी पंचेचाळीस वर्षांची आहे. “शाबास,” ते म्हणाले आणि रूळ खाली आला.

यानंतर मी तो त्यांच्या हातातून घेतला. पहिला फटका त्यांच्या मनगटावर. दुसरा कुठे बसला मला माहीत नाही. तिसरा कानाजवळ. ते खुर्चीसकट आडवे झाले, तरी मी मारत होते. ते हात वर करत नव्हते, ओरडत नव्हते. मधू पलंगाखाली शिरली आणि तिथून पाढा म्हणू लागली. मराठीत. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, मोठ्याने, एकही चूक नाही. नीट म्हटलं की मार थांबतो, एवढंच या घराने तिला शिकवलंय. सतरा अठ्ठे एकशे छत्तीसला माझा हात थांबला. म्हणजे तेवढा वेळ मी ऐंशी वर्षांच्या माणसाला मारत होते.

दोघांना घेऊन मी इस्पितळात गेले. बाबांचं मनगट मोडलं, कानामागे पाच टाके. मधूच्या उजव्या हाताच्या दोन बोटांत जुनी, वाकडी भरलेली मोड, तिसऱ्यात ताजी; हाताला प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी कसं झालं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “न्हाणीघरात घसरून पडलो.” डॉक्टरांनी ‘पडून’ लिहिलं. मग मधूकडे बघितलं. मी म्हणाले, “शाळेत पडली.” तेही त्यांनी लिहिलं. तुझ्या वेळी आईने सायकलवरून पडला सांगितलं होतं, हे मला ते वाक्य बोलून झाल्यावर आठवलं. मी का खोटं बोलले, याचं कारण मला चांगलं माहीत आहे. मधूचं खरं सांगितलं की माझं सांगावं लागतं. पोलीस येतील. मधूचे वडील इंदूरहून तिचा ताबा मागताहेत, कागद त्यांच्या वकिलाच्या हातात जाईल.

रिक्षात बाबा मान टेकून बसले होते. दौलतगंजाच्या वळणावर डोळे न उघडता म्हणाले, “तुझा हात चांगला बसतो.” आवाजात समाधान होतं.  मी मधूला त्यांच्या बाजूने उठवून माझ्या पलीकडे बसवलं.

तू विचारलंस, आठवत नाही की आठवायचं नाही. मला ती शाबास आवडायची. दारात मुद्दाम उभी राहायचे. एकदा तरी चुकीचं उत्तर दिलं असतं, गप्प राहिले असते, तर क्रम मोडला असता. माझ्या मनात तेही येऊन गेलं होतं, आणि तरी मी बरोबर उत्तर दिलं.

अंतरा

•

कोल्हापूर
१५ मार्च २०२५

ताई,

पहिला फटका त्यांच्या मनगटावर बसला हे वाचून मला आनंद झाला. पुढचं वाक्य वाचेपर्यंत टिकला. मग पलंगाखालची मधू दिसली आणि मी पत्र रुचिकाच्या हातात दिलं.

रुचिका माझ्याशी दहा दिवस बोलली नव्हती. मुलाच्या बाबतीत मी तिला फसवलं, असं तिचं म्हणणं आहे, आणि बरोबर आहे. पत्र वाचून झाल्यावर पहिलं बोलली ते असं: “त्या पोरीला आधी कुणीतरी विचारा, तिला कुठं राहायचंय. तुम्हा ग्वाल्हेरवाल्यांना उत्तरंच फार येतात, विचारता येत नाही.” मग म्हणाली, “तिकिटं काढा.” आम्ही तीस तारखेला पोचतो. हॉटेलात उतरू.

तू मारलंस याबद्दल मी तुला माफ वगैरे करणार नाही, तो माझा अधिकार नाही. दारात तू बारा वर्षांची होतीस, तेवढं मात्र लक्षात ठेव.

पण ‘शाळेत पडली’ हे असं राहू देऊ नकोस. आईच्या त्या एका वाक्याने मी तेहतीस वर्षं डावखुरा आहे. मधूलाही ते कायमचं चिकटेल, आणि एक दिवस तिलाच ते खरं वाटायला लागेल. मला लागलं होतं.

ओळ उसवू नकोस. अर्थ आता बरोबर आहे.

अभिराम

•

ग्वाल्हेर
२३ मार्च २०२५

चि. अभिराम,

बाबा हजीऱ्याला लीलाआत्याकडे आहेत. ती स्वतः घ्यायला आली. दारातच म्हणाली, “वा गं पोरी, जन्मदात्यावर हात टाकलास. गोधडी कशाला शिवत बसली होतीस, कफनच शिवायचं होतं.”

मी म्हटलं, “आत्या, मधूचा हात बघ.”

“बघितला. आमच्याही हातांवर बसलेत. आम्ही का मेलो?”

“आणि सासरहून माघारी आलीस ती कशाला? तिथेही बसतच होते ना?”

तिने बाबांची औषधं पिशवीत भरली. जाताना गोधडीपाशी थांबली, स्वतःची ओळ वाचली आणि म्हणाली, “ही ठेव. ते खोटं नाही.” मी ठेवली आहे. त्यांनी बहिणीला माराच्या घरातून सोडवून आणलं आणि मुलाची बोटं मोडली, दोन्ही एकाच माणसाने केलं. गोधडीत शेजारी शेजारी ते दोन तुकडे आहेत आणि मधल्या शिवणीत माझी सुई दोनदा मोडली.

कार्यक्रम रद्द केला. मंडळात सांगितलं, तब्येत ठीक नाही. हेही अर्धंच.

माझी ओळ मी परवा भरली. माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचा तुकडा घेतला. ‘मी बरोबर उत्तर दिलं.’ बाबांचं नाव त्यात नाही. त्यांनी मला काय दिलं हे लिहायला बसले की मी स्वतःला वगळते, असं माझ्या लक्षात आलं.

मधू शेजारी बसली होती, प्लास्टरचा हात उशीवर. विचारलं, “आई, मामा पण मारतो का?”

“मला माहीत नाही. तो येतोय, त्याला विचार.”

“और तू? तू मला मारशील?”

मी नाही म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. तिने मला बघितलंय, अभिराम. पलंगाखालून सगळं दिसतं. मी म्हटलं, “मी आबांना मारलं. खूप मारलं. तू थांबवलंस.”

“मैं तो पाढा म्हणत होते.”

“हो.”

ती थोडा वेळ दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “पण डॉक्टर अंकलला तू बोललीस मी शाळेत गिरली. मी गिरलीच नाही. क्लासमध्ये सबने विचारलं कुठे गिरली, मला सांगताच नाही आलं.”

आज वकिलांना भेटून आले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, बदल करून मागितला तर इस्पितळाला पोलिसांना कळवावंच लागेल, दोन्ही प्रकरणांचं. माझ्यावर गुन्हा नोंदला जाऊ शकतो. ताब्याच्या दाव्यात तो माझ्याविरुद्ध वापरतील आणि मधू काही काळ माझ्याकडे राहणार नाही अशी शक्यता आहे. तसं झालं तर तिने तुमच्याकडे राहावं, हे मी लेखी दिलंय. रुचिकाने सांगितल्याप्रमाणे मधूला आधी विचारलं. ती म्हणाली, “मामा काय बोलतो ते बघून सांगेन.” वकील म्हणाले, गप्प राहिलात तर कुणालाही कळणार नाही, विचार करा. मी चार वाजल्यापासून विचार करतेय. खरं तर करत नाहीये, फक्त घाबरून बसले आहे.

उद्या सकाळी दहा वाजता: मधूला बरोबर घेऊन इस्पितळात जाणे, दोन्ही कागदांवरचा ‘पडून’ हा शब्द खोडून तिथे ‘मारल्यामुळे’ लिहून घेणे.

ताई